तक्त्यात नसलेली हाक

मी मेलबर्नला आले ती सहा महिन्यांसाठी. मुलाने जातायेताचं तिकीट एकदमच काढलं होतं, पण विमानं बंद झाली आणि परतीच्या तिकिटाला काही अर्थ राहिला नाही. ग्लेन वेव्हर्लीतल्या त्या घरात आपण किती दिवस राहिलो हे मोजायचं मी सोडून दिलं. मोजून विमान येत नाही.

दिवस सगळे सारखे. मुलगा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ऑफिस करायचा. सून डँडेनॉन्गला औषधांच्या गोदामात कामाला. तिचं काम बंद झालं नव्हतं. ती पहाटे जायची, आणि आली की कुणाशी न बोलता आधी बाथरूममध्ये शिरायची. स्वयंपाक माझ्याकडे. पण मुलाची मीटिंग चालू असताना मिक्सर लावायचा नाही, नळ जोरात सोडायचा नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. कुकरला मीटिंग कशी समजावणार? मी डाळ उघड्या पातेल्यात शिजवायला लागले. तिला सगळी सकाळ लागायची. लागू दे, मला तरी दुसरं काय होतं.

टीव्हीवर रोज साहेब लोक उभे राहून आज किती आजारी आणि आज किती गेले ते सांगायचे. मग फोनवर गावाकडचे फोटो येऊन पडायचे, हार घातलेले. ओळखीचं कुणी असलं की मी फोन पालथा ठेवायचे आणि भांडी घासायला घ्यायचे. घरात डिशवॉशर होता. तो मला आवडायचा नाही. भांडी हाताने घासली की दिवसभरात निदान एक गोष्ट संपल्यासारखी वाटते.

मागच्या अंगणाला लाकडी कुंपण होतं, माझ्या खांद्याइतकं. पलीकडे एक कोरियन बाई एकटी राहायची. माझ्याच वयाची, बुटकी, आखूड केस कुरळे करून घेतलेली. तिने अंगणात मुळे आणि कोबी लावले होते. उजवा हात सतत कापायचा, त्यामुळे झारीसुद्धा ती डाव्या हाताने धरायची. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकत्र केलं तरी एक वाक्य धड व्हायचं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली, तीसुद्धा गावच्या शाळेत. पण आमचं चालायचं. मी कपडे वाळत घालायला गेले की ती मास्क नाकावर ओढत कुंपणाजवळ यायची.

"यू ईट?"

"ईट. यू?"

"ईट."

झालं. जेवलात का, एवढं विचारलं की माणसाचं बहुतेक सगळं विचारून होतं. मुलाच्या ओळखीचे लोक रस्त्यात भेटले की 'हाउ आर यू' म्हणायचे आणि उत्तर ऐकायला थांबायचे नाहीत.

तिचा नवरा जवळच्याच एका वृद्धाश्रमात होता. माझा मुलगा त्या जागेला 'होम' म्हणायचा, वृद्धाश्रम म्हणू नकोस म्हणून मला टोकायचा. असेल होम. लहानसंच होतं ते, कोरियन म्हातारी माणसंच जास्त, नर्सही त्यांच्यातली. नवऱ्याला विसर पडायचा. साथ यायच्या आधी ही रोज डबा घेऊन जायची आणि त्याला भरवून यायची. मग दारं बंद झाली. फोनचा उपयोग नव्हता, त्याला ऐकू येत नव्हतं. व्हिडिओवर बायको दाखवली तर तो फोन उलटा करून मागे कोण लपलंय ते बघायचा. वाचता मात्र त्याला अजून चांगलं यायचं. होममध्ये प्रत्येक पलंगाजवळ भिंतीवर एक छोटा स्क्रीन होता. आंघोळीचा वार, जेवणाची वेळ, असल्या सूचना त्यावर यायच्या. घरच्यांनी मोबाइलवरून निरोप लिहिला तर तोही त्यावरच दिसायचा. आधी तिला त्याची गरज नव्हती. आता तेवढंच उरलं होतं. डाव्या हाताच्या एका बोटाने ती रोज सकाळी दोन ओळी लिहायची. मुळे उपटले. पाऊस आला. तुझा निळा स्वेटर धुतला.

ऐन थंडीतल्या एका सकाळी मी गेले तर तिने जेवणाचं विचारलं नाही. तिने कुंपणावरून फोन पुढे केला. त्यात होममधल्या स्क्रीनचा फोटो होता. तिकडच्या नर्सने काढून पाठवलेला. दोन ओळी त्यांच्या अक्षरांत, आणि अगदी पहिल्या जागी एक रिकामा चौकोन. घराचा नकाशा काढताना खोली दाखवतात तसा. तिने त्या चौकोनावर बोट ठेवलं.

"धिस मी," ती म्हणाली. "नो मी."

मला काही कळलं नाही. स्क्रीन बिघडला असेल असं वाटलं. बिघडलेल्या वस्तूसाठी माझ्याकडे एकच उपाय होता, तो टेबलाशी बसला होता. मी दारातून हाक मारली.

"आई, आय हॅव अ कॉल."

"दोन मिनिटं ये. शेजारीण रडतेय."

ती रडत नव्हती. पण तसं म्हटल्याशिवाय तो उठला नसता.

तो गळ्यात हेडफोन अडकवून आला. फोटो बघितला, काही तरी विचारलं, तिला कळलं नाही. मग तिने पर्थला मुलीला फोन लावला आणि फोन स्पीकरवर करून कुंपणाच्या फळीवर ठेवला. मुलगी तिकडे अडकलेली, राज्याच्या सीमा बंद. ती भराभरा इंग्रजीत बोलत होती. मुलाने मला मध्ये मध्ये सांगितलं ते असं.

शेजारीण लग्न होऊन सासरी आली तेव्हा घर माणसांनी भरलेलं. नवऱ्याला नावाने हाक मारायची नाही, आणि सासूसमोर दुसरं काही लाडाचंही म्हणायचं नाही. घरी बदकं होती. बदकांना बोलवायची एक हाक होती, त्यांच्या समुद्राकडच्या दोन-चार गावांतच चालणारी. शहरातल्या कोरियन माणसाला ती कळणारही नाही. ही बांधावर उभी राहून बदकांना हाक मारायची, आणि शेतातून नवरा यायचा. बदकंही यायची. सासूला वाटायचं सून बदकांची फार काळजी घेते. पुढे ते ऑस्ट्रेलियात आले, बदकं राहिली नाहीत, पण हाक राहिली. जन्मभर तिने त्याला तेवढंच म्हटलं. दुसरं कुणी त्याला तसं म्हणत नाही.

मुलगा हसला. "बदक? सीरियसली?"

मी हसले नाही. मी स्वतः माझ्या नवऱ्याला हाक अशी कधी मारली नाही. आमच्या घरात 'अहो' म्हणायची चोरी होती, सासऱ्यांना खपायचं नाही. मी पातेल्यावर झाकण आपटायचे. एकदा आपटलं की जेवण तयार, दोनदा आपटलं की कुणीतरी आलंय, बाहेर या. त्यांना ते बरोबर कळायचं. मुलाने ते झाकण लहानपणी रोज ऐकलं असेल, पण आई वडिलांना बोलावतेय हे त्याला कधी कळलं नाही.

त्या हाकेच्या जागी स्क्रीनवर रिकामा चौकोन येत होता. तिने दर निरोपाच्या सुरुवातीला हाक लिहिलेली, तिच्या फोनवर ती नीट दिसायची, आणि तिकडे पोचेपर्यंत तिचा चौकोन व्हायचा. बाकीचा मजकूर सगळा बरोबर. नवरा वाचायचा आणि म्हणायचा, हे माझं नाही. नर्स म्हणायची, अहो, तुमच्या बायकोने लिहिलंय. तो विचारायचा, "मग तिने मला हाक का मारली नाही?" असं रोज. आता त्याने मनाशी ठरवलं होतं की बायको मेली आणि होममधले लोक आपल्याला फसवायला तिच्या वतीने लिहितायत. त्याचं खाणं कमी झालं होतं.

"बग आहे," मुलगा म्हणाला. "होईल फिक्स."

"केव्हा?"

"बघतो ना, आई."

दुपारी त्याने चहा घेताना मला समजावलं. मला समजावं म्हणून नव्हे, त्याला मोठ्याने बोलल्याशिवाय सुचत नाही, लहानपणापासूनचं आहे. ऐकायला मी सोडून घरात कुणी नव्हतं.

कोरियन लिपीत मुळाक्षरं थोडीच आहेत, आपल्यापेक्षा कमी. पण ती एकापुढे एक अशी लिहीत नाहीत. एका अदृश्य चौकटीत बसवतात. वर एक, त्याच्या बाजूला किंवा खाली दुसरं, आणि लागलं तर तळाशी तिसरं. तोंडातून एका वेळी जेवढा आवाज निघतो तेवढ्याचा एक ठोकळा. वाढलेल्या ताटासारखं, कुठला पदार्थ कुठे ते ठरलेलं. आता कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. आपल्या मराठीत तुकड्यांना नंबर दिलेत. क चा वेगळा, वेलांटीचा वेगळा, आणि जोडून दाखवायचं काम फोन करतो. कोरियनमध्ये असं तुकड्यांनीही करता येतं, पण बहुतेक ठिकाणी अख्ख्या ठोकळ्यालाच नंबर असतो. वाढलेल्या प्रत्येक ताटाला वेगळा नंबर. सगळे जमतील तेवढे ठोकळे धरले तर अकरा हजारांच्या वर होतात.

"अकरा हजार?" मी म्हटलं. "एवढं कोण पाठ करणार?"

"माणसांना पाठ करायला लागत नाही, आई. त्यांना तुकडे माहीत असतात. मशीनला तक्ता लागतो."

पूर्वी मशीनमध्ये जागा कमी असायची. तेव्हा कोरियातल्या शिकलेल्या लोकांनी बसून रोज लागणारे ठोकळे निवडले, दोन हजारांच्या वर, आणि तेवढ्यांचा तक्ता केला. उरलेले सोडून दिले. पुढे नवा तक्ता आला, त्यात सगळेच घेतले. तिचा फोन नव्या तक्त्याचा. होममधला प्रोग्रॅम जुना, कोरियातून आणलेला, जुन्या तक्त्याचा. बदकांची हाक एकाच ठोकळ्याची, ती फोनच्या तक्त्यात होती, होमच्या तक्त्यात नव्हती. ज्याला नंबर नाही त्याच्या जागी चौकोन.

मला त्या शिकलेल्या लोकांचा राग आला नाही. तक्ता करायला बसलेल्या माणसाला वर्तमानपत्र, सरकारी कागद, शाळेची पुस्तकं आठवणार. दोन-चार गावांत बदकांना काय म्हणतात ते कुणाला आठवेल? आणि आठवलं तरी तो ते कशाला घालेल?

"मग तिला हाताने लिहू दे," मी म्हटलं, "आणि फोटो पाठव."

"त्यात फोटो जात नाही. फक्त टेक्स्ट. आणि तिचा हात बघितलास ना?"

तेही खरं. बाहेरचा कागदही त्या दिवसांत आत जात नव्हता, ऑफिसमध्ये पडून राहायचा.

मुलाने प्रोग्रॅमवाल्या कंपनीला ईमेल केला. उत्तर आलं की नवा प्रोग्रॅम आहे, पण बसवायला माणूस यावा लागेल, आणि माणसाला विमान नाही. विमानाचं मला सांगायची गरज नव्हती.

मग त्याने स्वतः खटाटोप केला. जुन्या तक्त्यातही एक सोय होती म्हणे. तक्त्यात नसलेला ठोकळा पाठवायचा असेल तर आधी एक खूण पाठवायची आणि मागून सुटे तुकडे. खूण बघून पलीकडच्याने ते जोडून दाखवायचे. पण पलीकडच्याला जोडायला शिकवलेलं असलं पाहिजे ना. शेजारणीचा फोन सॅनिटायझरने पुसून कुंपणावरून इकडे आला, मुलाने तसं लिहून पाठवलं, फोन पुसून पलीकडे गेला. दुसऱ्या दिवशी नर्सचा फोटो आला. चौकोन गेला होता आणि त्याच्या जागी तीन तुकडे लांब लांब पडले होते. ताट वाढायच्या ऐवजी मीठ, भात आणि लोणचं अंगणभर ठेवावं तसे. नवऱ्याने ते बघितलं आणि नर्सला विचारलं, हे मशीन मोडलं का.

शेजारणीने मान हलवली. "नो गुड."

"वन मोअर आयडिया," मुलगा म्हणाला.

त्याची ती आयडिया मला आधी कळली असती तर मी त्याचा हात धरला असता. निरोप पाठवायच्या त्या ॲपमध्ये प्रत्येक निरोपाच्या डोक्यावर एक ठरलेलं शीर्षक घालायची सोय होती. ते लिहिणाऱ्याच्या फोनवर दिसायचं नाही, फक्त तिकडे मोठ्या अक्षरात दिसायचं. मुलाने विचार केला की म्हाताऱ्याची अडचण काय, तर निरोप कुणासाठी ते कळत नाही. मग त्याचं पूर्ण नाव शीर्षकात टाकू. ॲपमध्ये नाव होतंच. नावाची अक्षरं जुन्या तक्त्यातही होती. त्याने तिचा फोन पुन्हा मागून घेतला, नाव टाकलं, कुणाला विचारलं नाही, आणि रात्रीच्या जेवणाला खुशीत पोळी जास्त खाल्ली.

तो असं करणारच. सून त्याला नावाने हाक मारते, कधी कधी नावाचं निम्मंच. त्याचे मित्र, त्याचा साहेब, साहेबाचा साहेब, सगळे नावाने. नाव म्हणजे माणसाला बोलवायची वस्तू, एवढंच त्याला माहीत. मला त्याचं काही वाईट वाटत नाही, पण त्याच्या आईवडिलांच्या घरात नाव कधी आणि कोण घेत होतं, हे त्याने एकदा तरी आठवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी डाळ ढवळत होते तेव्हा कुंपणावर थाप पडली. पुन्हा पडली. शेजारीण हाताच्या मुठीने फळी ठोकत होती, मास्क हनुवटीवर. मला बघून ती कोरियनमध्येच बोलली, आणि मला बरंचसं कळलं. आवाज भाषेआधी कळतो. तिने स्पीकर लावला. पर्थची मुलगी ओरडत होती. मुलगा मीटिंग सोडून आला, यावेळी मला खोटं बोलावं लागलं नाही.

झालं होतं असं. म्हाताऱ्याने सकाळी स्क्रीनवर आपलं पूर्ण नाव वाचलं. उठला. थंडीचा कोट चढवला, बूट घातले, कपाटातली पिशवी घेतली आणि दाराशी खुर्ची ओढून ताठ बसला. नर्सने विचारलं कुठे निघालात. म्हणाला, मला बोलावलंय. कोणी, तर ते सांगेना. दुपार झाली तरी उठेना, जेवेना, कोट काढू देईना.

"नोबडी कॉल्स हिम दॅट!" मुलगी म्हणत होती. "ओन्ली द आर्मी. ओन्ली ऑफिसेस!"

मुलगा तोंड पाडून उभा राहिला. "आय ॲम सो सॉरी," तो म्हणत राहिला. मग मला म्हणाला, "आई, मी फक्त नाव टाकलं. त्याचंच नाव आहे ते."

"तुझ्या वडिलांना नावाने कोण हाक मारायचं?"

त्याला आठवेना.

"तलाठी," मी सांगितलं. "आणि कोर्टातला पट्टेवाला, जमिनीच्या केसला. हाक आली की ते आधी टोपी काढून हातात घ्यायचे. तुला कुणी सांगितलं होतं विचारल्याशिवाय करायला?"

त्याने तिथल्या तिथे नाव काढून टाकलं. म्हातारा संध्याकाळी कोटासकट झोपला. नर्सने बूट तेवढे काढले.

दोन दिवस शेजारीण कुंपणाशी आली नाही. मी तिचे कपडे वाळताना बघितले आणि जिवंत आहे एवढं समजून घेतलं. घरात मुलगाही माझ्याशी कमी बोलत होता. सून म्हणाली, "आई, चिल. त्याने मदतच केली ना." मी म्हटलं, मदत केली हे मला माहीत आहे, म्हातारा उपाशी राहिला हेही माहीत आहे. तिला झोप येत होती, मलाही वाद घालायचा उत्साह नव्हता. त्या दिवसांत भांडणसुद्धा अर्ध्यावर सोडून द्यावंसं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी शेजारीण कुंपणाशी आली.

"यू ईट?"

"ईट. यू?"

"लिटल." मग तिने मुलाला बोलव म्हणून खूण केली. तो घाबरतच आला. तिने फोन दाखवला आणि बोटाने हवेत चौकोन काढला.

"बॉक्स ओके," ती म्हणाली. "आय राइट सेम. यू नो टच."

"बट ही कान्ट रीड इट," मुलगा म्हणाला.

"सेम," ती म्हणाली. "आय कॉल हिम. आय नो कॉल अदर."

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तिचा नवरा आहे, तिला जे म्हणायचं ते म्हणू दे. मनात मात्र मला वाटलं की बाई हट्टी आहे. दुसरं एखादं नातं लिहायला काय झालं होतं? मुलाचा बाप, घरचा धनी, काहीही. तक्त्यात हजारो ठोकळे होते. चौकोन पाठवून म्हाताऱ्याचं पोट भरणार नव्हतं.

ती रोज लिहीत राहिली. वर हाक, खाली दोन ओळी. तिकडे वर चौकोन, खाली दोन ओळी. मी विचारायचे नाही, तीही सांगायची नाही. टीव्हीवरचे आकडे आधी वाढले, मग उतरायला लागले. गावाकडचे फोटो येतच होते. तिने मला एकदा मुळा दिला, मी तिला थालीपीठ दिलं. तिने ते दोन बोटांत धरून उजेडात बघितलं.

मग एक दिवस ती कुंपणाशी आली ती धावतच, म्हणजे आमच्या वयाला जेवढं धावता येतं तेवढं. फोनवर पर्थची मुलगी होती. मुलगा नेमका मोकळा होता, त्याने ऐकलं आणि तो एकदम खुर्चीच शोधायला लागला.

नर्सने कळवलं होतं. सकाळी निरोप आला तेव्हा म्हातारा पलंगावर बसला होता. त्याने स्क्रीनकडे बघितलं, चौकोनावर बोट ठेवलं, आणि मोठ्याने बदकांना बोलावलं. नर्सला वाटलं काही दुखतंय. त्याने पुन्हा हाक दिली आणि खालच्या ओळी वाचल्या, आणि नर्सला विचारलं, मुळे एवढ्यात कसे उपटले? त्यानंतर दलिया खाल्ला.

"हाउ?" मुलगा विचारत होता. "त्याला कसं कळलं? तिथे काहीच नाहीये!"

नर्सनेच सांगितलं होतं ते. आंघोळीच्या सूचनेला चौकोन नसतो. जेवणाच्या वेळेला नसतो. शेजारच्या पलंगावरच्या माणसाला मुलाचे निरोप येतात, त्यांनाही नसतो. एकाच ठिकाणाहून येणाऱ्या निरोपावर तो असतो, आणि रोज असतो. होममधल्या कुणी फसवायला लिहिलं असतं तर त्यांनी तो घातला नसता. हे म्हाताऱ्याने असं मांडून सांगितलं नाही, त्याला ते जमलंही नसतं. पण रोज बघून बघून त्याने चौकोनात हाक ठेवली.

मुलगा दिवसभर ते बोलत होता. ऑफिसातल्या लोकांनाही त्याने मीटिंगमध्ये सांगितलं. मला बरं वाटलं, पण थकायला झालं. चांगली बातमी ऐकायची सवय गेली होती.

पुढे थोडी ढील मिळाली. होममध्ये आत जाता येत नव्हतं, पण बाहेरून काचेतून भेट घेता येत होती. शेजारणीने केस कुरळे करून घेतले नव्हते कारण दुकानं बंद होती. तिने ते पिना लावून बसवले, तपकिरी कोट घातला आणि सकाळचा निरोप पाठवून टॅक्सीने गेली.

दुपारी परत आली ती रागावून. कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "ही नो लुक."

"नो लुक?"

तिने दाखवलं. आपण काचेवर अशी टकटक केली. नर्सने त्याचा हात धरून काचेकडे दाखवलं. त्याने मान वळवली, एक म्हातारी बघितली, मास्क लावलेली, आणि पुन्हा तोंड स्क्रीनकडे केलं. "ही रीड. माय मेसेज. ऑल टाइम रीड." तिने कपाळावर हात मारला. मला हसू आलं आणि मी ते मास्कमध्ये ठेवलं. तिलाही आलं असावं, तिच्या डोळ्यांवरून वाटलं. मग ती म्हणाली, पुढच्या खेपेला सकाळी निरोप पाठवणारच नाही. वाचायला काही नसलं की बघेल माझ्याकडे.

मला ते पटलं. मीही तेच केलं असतं.

पुढच्या भेटीच्या दिवशी तिने लिहिलं नाही. तोच कोट, त्याच पिना. मी कपडे वाळत घालायचं लांबवत अंगणातच राहिले. टॅक्सी आली, दार वाजलं, आणि ती घरातून न जाता बाजूच्या बोळातून थेट अंगणात आली. बाहेरचे बूट तसेच, मातीत.

"ही लुक?" मी विचारलं.

"लुक." ती कुंपणाला टेकली. श्वास लागला होता. "ही कम टू विंडो. लुक मी. लाँग टाइम."

"गुड."

"ही टॉक टू नर्स." ती थांबली. इंग्रजी शोधत होती, आणि मी तिला घाई केली नाही. "ही से, आस्क धिस लेडी. माय वाइफ नो मेसेज टुडे. धिस लेडी नो व्हाय?"

बायकोचा निरोप आज का आला नाही, ते तो तिलाच विचारत होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने कोटाच्या खिशातून फोन काढला, मास्क खाली ओढून डाव्या हाताचं बोट चाटलं, मास्कलाच पुसलं आणि उभ्यानेच लिहायला लागली. फोन उजव्या हातात होता, आणि तो हात इतका कापत होता की तिचं बोट भलतीकडेच पडत होतं. पुसून पुन्हा लिहीत होती. वारं सुटलं होतं, थंड.

"गो इन," मी म्हटलं. "कोल्ड. टी. देन राइट."

"नो," ती फोनमध्येच बघत म्हणाली. "ही वेट."

मी कुंपणावरून हात घातला आणि तिचा फोन खालून धरला, हलू नये म्हणून. ती लिहीत राहिली.